पुढं म्हणणारा

आमच्या कुरकुंभात एक गोष्ट बरीच वर्षं फिरत होती. पाचगणीच्या कुठल्याशा इराण्याचा पोरगा विलायतेला गेला, तिथं त्यानं राणीच्या नावाचा बँड काढला आणि हजारो माणसं त्याच्याबरोबर गायला लागली. ही गोष्ट आली दौंडहून, रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका गार्डाकडून. दौंडच्या कुरकुंभ मोरीतून रुळांखालून बाहेर पडलं की रस्ता सरळ आमच्याकडं येतो. त्याच रस्त्यानं बाजार येतो, पाहुणे येतात, तशा गोष्टीही येतात. आमच्या आजोबांना सगळी आळी आण्णा म्हणायची. त्यांनी ती गार्डाच्या तोंडून ऐकली आणि आम्हा पोरांना सांगितली.

पुढं मी तिच्या मागावर गेलो तेव्हा कळलं, की दोन पोरं मिसळून तिच्यात एक झाली होती. इराणी होता तो फरांग इराणी. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत १९५८ साली पाच मुलांनी 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला. त्यात हा फरांग चहाच्या रिकाम्या खोक्याला काठी आणि दोरी लावून केलेलं खर्जाचं वाद्य वाजवायचा. विलायतेला जाऊन नाव काढणारा मुलगा दुसरा. त्याचं नाव फारुख बलसारा. जग त्याला फ्रेडी मर्क्युरी म्हणतं आणि त्याच्या बँडचं नाव 'क्वीन'.

म्हाताऱ्यांच्या गोष्टी अशाच असतात. नावं इकडची तिकडं होतात, सालं पुसली जातात, पण एखादी खूण पक्की राहते. इथं ती खूण होती पाचगणी. लंडनमध्ये छापल्या गेलेल्या पानांत ती अनेकदा एका ओळीत उरकलेली दिसते आणि आमच्या आळीतल्या गोष्टीत मात्र ती पहिल्या वाक्यात होती. म्हणून मला आण्णांची चुकलेली गोष्ट अजून मोलाची वाटते.

आण्णा दौंडच्या लोकोशेडमध्ये फायरमन होते. मुंबईहून पुण्यापर्यंत गाडी विजेवर यायची. पुण्याच्या पुढं दौंड आणि सोलापूरकडं कोळशाचं राज्य होतं. मेल गाड्यांवर ड्रायव्हर बहुतेक अँग्लो-इंडियन, त्यांचे बंगले वेगळे, त्यांची इन्स्टिट्यूट वेगळी. शनिवारी तिथं पियानो वाजायचा, नाच चालायचा. काळ्या हातांच्या फायरमनला आत जागा नव्हती, पण उन्हाळ्यात खिडक्या उघड्या असायच्या. आण्णा ड्यूटी संपवून भिंतीला टेकून ऐकायचे. शब्द एक कळत नव्हता. ते सांगायचे, "ठेका कळायचा. ठेक्याला भाषा लागत न्हाई."

त्या ड्रायव्हर-गार्डांची काही पोरं पाचगणीला बोर्डिंगात असायची. सुट्टी संपली की पत्र्याच्या पेट्या फलाटावर यायच्या, त्यांवर पांढऱ्या रंगात नावं रंगवलेली. गार्डाला गोष्ट कळली असेल ती याच वाटेनं. बोर्डिंगातली पोरं सुट्टीत घरी आली की आपल्या शाळेतल्या, शेजारच्या शाळेतल्या बातम्या आणायची. त्यातून हेक्टिक्सची कीर्ती दौंडच्या रेल्वे कॉलनीपर्यंत पोचली असली तर मला त्यात नवल वाटत नाही.

आता त्या दुसऱ्या पोराविषयी. फारुखचा जन्म ५ सप्टेंबर १९४६ चा, आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या झांझिबारचा. आईवडील पारशी, मूळचे गुजरातकडचे. आडनावच बलसाडवरून आलेलं, ज्याला आपण आज वलसाड म्हणतो. वडील बोमी इंग्रज सरकारच्या कोर्टात कॅशियर. मुलगा आठ वर्षांचा झाला आणि त्याला शिकायला हिंदुस्थानात धाडायचं ठरलं. झांझिबारहून बोटीनं मुंबई, मुंबईहून पुणे, मग घाट चढून पाचगणी. आठ वर्षांच्या मुलाला आईपासून समुद्रापलीकडं ठेवणं म्हणजे काय, हे मी माझ्या मुलाच्या त्या वयात मनाशी तोलून पाहिलं आणि मला ते झेपलं नाही. त्याच्या लहानपणीच्या फोटोंत तो नीटनेटका, तोंड मिटून उभा असलेला दिसतो. तोंडात मागं चार दात जास्तीचे होते, त्यामुळं पुढचे दात बाहेर आलेले. पोरं त्याला 'बकी' म्हणून चिडवायची. पुढं पैसा आला, नाव झालं, तरी त्यानं ते जादा दात काढले नाहीत. आवाजाची झेप जाईल अशी त्याला भीती वाटायची.

शाळेत तो मुष्टियुद्ध खेळला, टेबलटेनिसमध्ये चमकला, चित्रं चांगली काढायचा. पण खरी गोष्ट पियानोची. मुलाचा कान तयार आहे हे मुख्याध्यापकांच्या लक्षात आलं. त्यांनी घरी पत्र लिहिलं, थोडी जास्त फी भरली तर याला रीतसर पियानो शिकवता येईल. आईवडिलांनी हो म्हटलं. तो चौथ्या श्रेणीपर्यंतच्या परीक्षा देत गेला, हाताच्याही आणि शास्त्राच्याही. रेडिओवर एकदा ऐकलेली चाल तो लगेच पियानोवर काढून दाखवायचा, असं त्याचे सोबती सांगत.

आणि मग हेक्टिक्स. गायला ब्रूस मरे, गिटारवर डेरिक ब्रांश, ड्रमवर व्हिक्टरी राणा, खोक्यावर फरांग इराणी आणि पियानोवर बकी. एल्व्हिस प्रेस्ले, क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड, फॅट्स डॉमिनो यांची गाणी ते शाळेच्या कार्यक्रमांत वाजवायचे. शेजारच्या शाळेतल्या मुली ऐकायला आल्या की आरडून सभागृह डोक्यावर घ्यायच्या. पुढं ही पोरं कुठंकुठं गेली. राणा नेपाळच्या सैन्यात वरिष्ठ हुद्द्यापर्यंत चढले आणि सायप्रसमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे प्रमुख झाले. ब्रांश इंग्लंडात नट झाले. इराणी पुण्यात राहिले.

या यादीतली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी बाब ही, की गाणारा ब्रूस मरे होता. ज्याच्या आवाजापुढं नंतर स्टेडियमं उभी राहिली तो फारुख मागं बसून पियानो वाजवत होता, मधूनमधून सूर मिळवत होता. आमच्या भाषेत सांगायचं तर तो झील ओढत होता.

आण्णांना तमाशाचं वेड होतं. फिरंगाई देवीच्या यात्रेत फड आला की ते रजा काढून घरी यायचे. गण, गवळण, बतावणी, वग, पहाट होईपर्यंत ते हलत नसत. त्यांचं सगळं लक्ष मात्र नाचणाऱ्या बाईकडं किंवा सोंगाड्याकडं नसून मागच्या रांगेकडं असायचं. तिथं तुणतुणं आणि झांज घेऊन उभे असलेले झीलकरी पुढच्याची ओळ संपता संपता उचलतात आणि टिपेला नेतात. पुढच्याला श्वास घ्यायला तेवढीच सवड मिळते. आण्णा म्हणायचे, फडातलं पोरगं आधी सामान उचलतं, मग झांज धरतं, मग झील ओढतं आणि मग कुठं एखाद्या रात्री पुढचा आजारी पडला की त्याला पुढं ढकलतात. जो मागं उभा राहिला नाही त्याला पुढं उभं राहता येत नाही, कारण मागच्यांना श्वास कुठं लागतो हे त्याला ठाऊक नसतं. आणि शेवटची परीक्षा त्यांची अशी होती की मैदानाच्या पार कडेला, सोडलेल्या बैलगाडीत आडवा झालेला माणूस उठून बसला पाहिजे.

मी पुण्यात कॉलेजला असताना एका मित्राकडून एक व्हिडिओ कॅसेट गावी आणली होती. १३ जुलै १९८५, लंडनचं वेम्बली स्टेडियम. इथिओपियाच्या दुष्काळासाठी बॉब गेल्डॉफ यांनी घडवून आणलेला 'लाइव्ह एड' हा कार्यक्रम. समोर बहात्तर हजारांच्या आसपास माणसं आणि क्वीनला मिळालेली वीस-एकवीस मिनिटं. फ्रेडी पळत येतो, पांढऱ्या बंडीत, फिक्या निळ्या पँटीत. आधी पियानोला बसतो. मग उठतो आणि हातात माइकची अर्धी काठी घेऊन त्या मंचावर मालकासारखा फिरतो. ती अर्धी काठी म्हणजे जुन्या दिवसांतली आठवण. एका कार्यक्रमात माइकची दांडी मधून निसटली आणि ती तशीच घेऊन तो गात राहिला, नंतर तीच त्याची खूण झाली. मग एके ठिकाणी सगळी वाद्यं थांबतात. शब्दही थांबतात. तो नुसता आलाप टाकतो आणि मैदान तोच परत करतं. तो जरा अवघड टाकतो, ते तोही परत करतात. तो आणखी वर जातो.

आण्णा खुर्चीवरून उठून टीव्हीजवळ गेले. तोवर त्यांची नजर अधू झाली होती. बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "आरं, ह्यो एकटा गातच न्हाई. समद्यांस्नी झील ओढाय लावतोय." मग कॅसेट संपल्यावर म्हणाले, "ह्यो गडी आधी कुणाच्या तरी मागं उभा ऱ्हायल्याला हाय. त्याबिगर हे येत न्हाई."

तेव्हा मला हेक्टिक्सची माहिती नव्हती, ब्रूस मरेचं नाव मी ऐकलेलं नव्हतं. आण्णांनाही ते माहीत असण्याचं कारण नव्हतं. त्यांनी नुसत्या उभं राहण्यावरून ओळखलं. संगीतावर लिहिणाऱ्यांनी त्या वीस मिनिटांवर पुष्कळ लिहिलं आहे. आण्णांच्या त्या दोन वाक्यांइतकं नेमकं मी तरी कुठं वाचलेलं नाही.

कारण मागं उभं राहणं पाचगणीत संपलं नव्हतं. १९६३ साली फारुख झांझिबारला परतला. जानेवारी १९६४ मध्ये तिथं क्रांती झाली, रक्तपात झाला आणि बलसारा कुटुंब हातात मावेल तेवढं घेऊन इंग्लंडला आलं, लंडनजवळच्या फेल्टमला. सतरा वर्षांच्या मुलानं हीथ्रो विमानतळावर सामान उतरवायचं काम केलं. ईलिंगच्या कलाविद्यालयात ग्राफिक डिझाइन शिकला, १९६९ मध्ये पदविका घेतली. त्याच सुमाराला 'स्माइल' नावाचा एक बँड होता, ब्रायन मे गिटारवर आणि रॉजर टेलर ड्रमवर. गाणारा टिम स्टाफेल हा फ्रेडीचा कॉलेजातला मित्र. फ्रेडी त्यांच्या कार्यक्रमांना जायचा, मागं उभा राहायचा आणि संपल्यावर सांगायचा, असे कपडे घाला, असे उभे राहा, लोकांकडं बघा. स्वतः दुसऱ्या एक-दोन बँडांत गाऊन पाहिलं, ते टिकले नाहीत. १९७० मध्ये स्टाफेल बाहेर पडला आणि तो आत आला. बँडचं नाव बदललं, स्वतःचं आडनावही बदललं. पुढल्या वर्षी बास गिटारवर जॉन डीकन आला. १९७३ मध्ये पहिली तबकडी. बँडचं मानचिन्ह फ्रेडीनंच काढलं, चौघांच्या राशी घेऊन. सिंह राशीच्या दोघांसाठी दोन सिंह, कर्केचा खेकडा, स्वतःच्या कन्या राशीसाठी दोन पऱ्या आणि सगळ्यांवर पंख पसरलेला फिनिक्स.

१९७५ च्या 'बोहेमियन रॅप्सोडी'बद्दल सांगावंसं बरंच आहे, पण एवढंच सांगतो की जवळजवळ सहा मिनिटांचं, धृपद नसलेलं, मध्येच ऑपेराकडं वळणारं ते गाणं रेडिओवाले लावणार नाहीत असं जाणकार म्हणत होते. ते इंग्लंडात नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. त्यातला तो मोठा समूहस्वर म्हणजे तीनच गळे आहेत. फ्रेडी, मे आणि टेलर यांनी पुन्हा पुन्हा गाऊन थर चढवले. पुढं म्हणणारा तोच आणि झीलकरीही तोच.

त्याचं सगळंच मला पटतं असं नाही. १९८४ मध्ये वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेतल्या सन सिटीत क्वीननं कार्यक्रम केले, तेव्हा संयुक्त राष्ट्रांनी सांस्कृतिक बहिष्कार घातलेला होता. आपण राजकारणी नाही, आपण गाणारे, असं म्हणून ती गोष्ट सुटत नाही. आफ्रिकेत जन्मलेल्या, हिंदुस्थानात वाढलेल्या, निर्वासित म्हणून आलेल्या माणसानं तरी ते करायला नको होतं.

एकदा मी बारामती, फलटणवरून वाईला गेलो, तिथून पसरणीचा घाट चढून पाचगणीला. त्या वाटेवर एक गोष्ट मनात बसली. घाटाच्या पायथ्याला वाई, लावणीच्या यमुनाबाई वाईकरांची. १९१५ सालचा त्यांचा जन्म, २०१२ साली पद्मश्री, शंभरी ओलांडून २०१८ मध्ये त्या गेल्या. तिथून जरा वर पसरणी, शाहीर साबळ्यांचं गाव. त्यांचा जन्म ३ सप्टेंबर १९२३ चा. आणि घाटमाथ्यावर सेंट पीटर्स. फारुख पहिल्यांदा घाट चढला तेव्हा यमुनाबाई चाळिशीच्या आसपास होत्या, साबळे तिशीत. एका घाटात तीन गळे, तिघंही हजारोंना धरून ठेवणारे. फारुखनं त्या दोघांकडून काही घेतलं असं मी म्हणणार नाही. बोर्डिंगच्या भिंती दौंडच्या इन्स्टिट्यूटसारख्याच होत्या. तिथल्या खिडक्यांतून आतलं बाहेर ऐकू येत असेल, बाहेरचं आत येत नव्हतं. याची मला खंत वाटते. वगनाट्याचं एक पान त्या मुलाच्या कानावर पडलं असतं तर त्यानं त्याचं काय केलं असतं!

फ्रेडी मुलाखतींत पाचगणीबद्दल क्वचितच बोलला. क्वीन त्याला घेऊन भारतात कधी वाजवायला आला नाही. २०१८ मध्ये त्याच्यावर निघालेल्या सिनेमाची गोष्ट १९७० च्या लंडनमध्ये सुरू होते. आठ वर्षांपासून सोळा वर्षांपर्यंत, ज्या वयात आवाज फुटतो आणि माणूस घडतो, ती वर्षं पडद्यावर नाहीतच. ती आपल्याकडची वर्षं होती, म्हणून ती सांगायचं कामही आपलंच आहे.

आणि सांगायचं तर सगळं सांगायला हवं. आपला म्हणून मिरवायचं आणि त्याचा शेवट गाळायचा, हे मी बऱ्याच जणांना करताना पाहिलं आहे. त्याला पुरुष आवडत. १९८७ मध्ये त्याला एड्सचं निदान झालं. त्यानंतरही तो गात राहिला, उभं राहणं अवघड झालं तरी स्टुडिओत जात राहिला. २३ नोव्हेंबर १९९१ ला त्यानं जाहीर केलं की आपल्याला एड्स आहे आणि २४ ला तो गेला. वय ४५. अंत्यविधी पारशी धर्मगुरूंनी केले, लंडनमध्ये, अवेस्तातल्या प्रार्थना म्हणून. ज्या धर्मात आईनं वाढवलं त्याच शब्दांत त्याला निरोप मिळाला. मागं राहिलेल्या मित्रांनी त्याच्या नावानं मर्क्युरी फिनिक्स ट्रस्ट काढला, तो आजही जगभर एड्सविरुद्धच्या कामाला पैसा देतो.

त्याच वर्षांत आमच्या गावाजवळून पुणे-सोलापूर हायवेवर रात्रंदिवस ट्रक चालत होते. आण्णांनी आम्हाला कोळशाच्या, भुतांच्या, दुष्काळाच्या, गांधीहत्येनंतर जळलेल्या वाड्यांच्या गोष्टी सांगितल्या. एकच गोष्ट त्यांनी सांगितली नाही, ती त्यांच्या डोळ्यांदेखत घडत होती. मागच्या आळीतला एक ट्रकड्रायव्हर वाळत वाळत गेला. टीबी होता असं सगळे म्हणाले. सगळ्यांना ठाऊक होतं. त्याच्या बायकोकडून कुणी पाणी घेईना, हळदीकुंकवाला बोलवेना. भजनी मंडळात ती दाराजवळ बसायची, आवाज न काढता. मद्रासमध्ये १९८६ सालीच डॉ. सुनीती सॉलोमन यांनी देशातले पहिले रुग्ण शोधले होते. त्या माहेरच्या गायतोंडे, मराठी घरातल्या. त्यांनी आयुष्यभर हेच सांगितलं की या आजारापेक्षा माणसांनी टाकलेला बहिष्कार आधी मारतो. ते आमच्यापर्यंत पोचायला फार वेळ लागला. आण्णांवर माझा फार जीव होता. तरी हे त्यांनी सांगायला हवं होतं असं मला आजही वाटतं, कारण त्यांनी तोंड उघडलं असतं तर आळीनं ऐकलं असतं.

एप्रिल २००४ पासून सरकारी दवाखान्यांत या आजाराच्या गोळ्या फुकट मिळायला लागल्या. त्या ट्रकड्रायव्हरची बायको काही काळानं पुण्याला जाऊन त्या घेऊ लागली, एसटीनं, दर महिन्याला, एकटी. तब्येत सुधारली, अंग भरलं. मंडळातल्या जुन्या बायका एकेक करून थकल्या. पाठ कुणाला? तिला. दाराजवळ बसून बसून सगळे अभंग, सगळ्या गवळणी तिच्या ओठांवर होत्या आणि कुठली बाई कुठं दम घेते हेही.

मागच्या नवरात्रात मी फिरंगाईला गेलो होतो. ती पुढं म्हणत होती. मागच्या बायका एका ओळीला रेंगाळल्या तशी तिनं मृदंगवाल्याला हातानं थांबवलं, टाळ मांडीवर ठेवला आणि मोठ्यानं म्हणाली, "मी एकटीनं म्हणायचं असतं तर घरी म्हटलं नसतं का? उचला की गं वळ!" आणि तीच ओळ एक सूर वर चढवून पुन्हा सुरू केली.